इस्रायलात आपल्यापेक्षा कमी पाऊस, मग टँकर आपल्याकडेच का?

शिवारफेरी (केज, जि. बीड)

नमस्कार मंडळी.

आमचं गाव केज तालुक्यात, मांजरा धरणाच्या वरच्या अंगाला. यंदा ग्रामसभेत गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडायचं ठरलंय. मी शाळेत गणित शिकवतो म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. काम मला आवडलंय, पण एका प्रश्नावर अडलोय.

मागच्या सभेला बाहेरगावचे एक पाहुणे आले होते. भाषणात म्हणाले, "इस्रायलात चारशे मिलिमीटर पाऊस पडतो, तुमच्याकडे सातशे. ते वाळवंटात फळबागा पिकवतात आणि तुम्ही टँकरची वाट बघत बसता." सभा गप्प झाली. म्हातारी माणसं खाली मान घालून बसली. मला ते फार लागलं. याच माणसांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलीय. २०१६ साली मांजरा कोरडं पडलं आणि मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेही त्यांनी बघितलंय. आळसामुळं पाणी नाही हे मला पटत नाही, पण त्या पाहुण्यांना द्यायला माझ्याकडं उत्तर नव्हतं.

आज परिस्थिती अशी आहे की नवीन बोअर घेतलं तर पाचशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा उडतो. गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलत्यांच्या शेतात बोअरची गाडी लागली होती. रात्री अकराला पांढरी भुकटी यायला लागली ती पहाटेपर्यंत तशीच. मशीनवाल्यानं पाइप काढले, पैसे मोजून घेतले आणि शेजारच्या शिवारात गेला. त्याच बांधाला लागून ऊस उभा आहे.

तर जाणकारांनी सांगावं:

दोन्ही देशांत पाऊस किती आणि प्रत्यक्षात हाताशी येणारं पाणी किती? नुसत्या मिलिमीटरवरून तुलना करता येते का? आणि समुद्राचं पाणी गोड करणं, ठिबक, सांडपाणी परत वापरणं यातलं आमच्यासारख्या गावाला खरंच काय घेता येईल? सभेत सांगता येईल असं सोप्या भाषेत लिहा, ही विनंती.

कातळखोद

गुरुजी, प्रश्न चांगला मांडलात. माझी सगळी नोकरी मराठवाड्यातल्या विहिरींची पातळी मोजण्यात गेली, त्यामुळं जरा लांबण लावतो.

आधी देशांची तुलना. भारतात वर्षाला सरासरी ११७० मिमीच्या आसपास पाऊस पडतो. इस्रायलचं सरासरी ४३५ मिमी धरतात, पण त्या सरासरीला फारसा अर्थ नाही. उत्तरेला गॅलिलीच्या डोंगरात सातशे ते नऊशे, तेल अवीव आणि जेरुसलेमला साधारण साडेपाचशे, बीरशेबाला दोनशे आणि दक्षिण टोकाला एलातला पंचवीस-तीस मिमी. आपल्याकडे आंबोलीत सात हजार आणि माणदेशात पाचशेच्या आत-बाहेर, तसाच प्रकार. पाहुण्यांनी सगळ्या देशाची सरासरी घेऊन बीडशी तोलली.

माणशी पाणी बघा. केंद्र सरकारच्या हिशेबानं भारतात १९५१ साली माणशी ५१७७ घनमीटर पाणी होतं, २०२१ साली ते १४८६ वर आलं. पाऊस आटला नाही, माणसं वाढली. १७०० च्या खाली गेलं की ताण, १००० च्या खाली टंचाई, असं जगभर मानतात. इस्रायलकडं नैसर्गिक पाणी माणशी दोनशे घनमीटरच्याही खाली आहे. म्हणजे पाण्याच्या बाबतीत तो देश आपल्यापेक्षा कितीतरी गरीब आहे, यात पाहुणे खरं बोलले.

हेच तुमच्या ओळखीच्या मापात सांगतो. जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दलघमी (दशलक्ष घनमीटर), म्हणजे १०२ टीएमसीच्या (अब्ज घनफुटांच्या) वर. इस्रायलला निसर्गाकडून वर्षभरात मिळणारं सगळं पाणी, शेजारून वाहत येणारं धरूनही, १८०० दलघमीच्या आसपास आहे. एकटा नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, भरला तर त्या देशाच्या वर्षाच्या पाण्यापेक्षा जास्त होतो.

आता पाऊस कुठल्या जमिनीवर आणि कधी पडतो ते. माझ्या मते खरी गोम इथं आहे आणि भाषणांत ती कधी येत नाही.

तिकडचा पाऊस हिवाळी. ऑक्टोबर ते एप्रिल. जानेवारीत जेरुसलेमला आठ-नऊ अंश तापमान असतं, तेव्हा पडलेलं पाणी लगेच उडून जात नाही, बरंच जमिनीत उतरतं. आपला पाऊस चार महिन्यांत, त्यातही मोजक्या दिवसांत कोसळतो, आणि पुढं मार्च ते मे चाळीस अंशांचं ऊन. जायकवाडी उथळ आणि पसरट आहे, भरलं की साडेतीनशे चौरस किलोमीटर पाणी पसरतं. तेवढ्या पसाऱ्यावरून एक मीटर पाणी उडालं तरी १२ टीएमसी गेलं. आणि उन्हाळ्यात एक मीटरवर भागत नाही.

दुसरं, खडक. इस्रायलच्या मधल्या डोंगररांगेखाली चुनखडी आहे, मधाच्या पोळ्यासारखी पोकळ. तिच्यात पावसाचा पाव ते तिसरा हिस्सा मुरतो. किनाऱ्याला वाळूचा थर आहे, तोही पाणी धरतो. तुमच्या-आमच्या पायाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. वरची माती, मग मुरूम आणि मांजऱ्या (झिजलेला, मऊ खडक), त्याखाली अखंड कातळ. पाणी राहतं ते फक्त मुरुमात आणि भेगांत. शंभर घनमीटर मांजऱ्या-मुरूम असेल तर विहिरीला त्यातलं एक ते तीन घनमीटर पाणी मिळतं. तुमच्या चुलत्यांच्या बोअरमधून जी भुकटी निघाली ती या अखंड कातळाची. आणखी पाचशे फूट गेलात तरी तीच निघेल. खोलात गेलं की पाणी लागतं हे गंगेच्या गाळाला लागू आहे, दख्खनला नाही.

तिसरं, पिकं. इस्रायल आपला बहुतेक गहू आणि चारा-धान्य बाहेरून विकत घेतो. एक किलो गहू पिकवायला हजार लिटरच्या वर पाणी लागतं, म्हणजे गव्हाच्या जहाजातून तो देश पाणीच आयात करतो. टोनी ॲलन या ब्रिटिश अभ्यासकानं मध्यपूर्वेकडं बघूनच ही कल्पना मांडली आणि २००८ साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. आपला देश एकशे चाळीस कोटी तोंडांचं धान्य स्वतः पिकवतो, वर तांदूळ आणि साखर बाहेर पाठवतो. हे दोन संसार एका तराजूत बसत नाहीत. वाळवंटात फळबागा दिसतात, त्यामागं बंदरात उतरणारा गहू आहे.

म्हणून सभेत ठणकावून सांगा, तुमची माणसं आळशी नाहीत.

पण त्या देशाकडून शिकण्यासारखं एक आहे. १९५९ चा त्यांचा पाणी कायदा. पाऊस, नदी, विहीर, सांडपाणी, सगळं पाणी सार्वजनिक मालकीचं. जमीन तुझी असली तरी खालचं पाणी तुझं नाही. परवान्याशिवाय उपसा नाही, मीटरशिवाय थेंब नाही, शेतीला कोटा ठरलेला. आपल्याकडं ज्याची जमीन त्याचं पाणी असा वहिवाटीचा समज आहे आणि ज्याच्या बोअरला जास्त खोली त्याची चलती. भारत जगात सगळ्यात जास्त भूजल उपसतो आणि त्यातल्या बहुतेक उपशाला मीटर नाही. ठिबक, प्लास्टिक, यंत्रं हे सगळं नंतर. आधी मोजमाप.

नेगेवची_सून

गुरुजी, मी बीरशेबाहून लिहितेय. माहेर अलिबागकडचं, आम्ही बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. घरात अजून मराठीच बोलतो, माझ्या सासूबाई तर नातवंडांशीही मराठीतच भांडतात. कातळखोद काकांनी इथलं अचूक लिहिलंय, मी घरातलं सांगते.

इथं प्रत्येक फ्लॅटला मीटर आणि दोन महिन्यांनी बिल. घरात किती माणसं नोंदलेली आहेत त्यावर दर ठरतो. माणशी महिना साडेतीन घनमीटर स्वस्त दरानं, म्हणजे दिवसाला माणशी एकशे सतरा लिटरच्या आसपास. त्यापुढचं पाणी बरंच महाग. बाळ झालं की नोंद करायला धावतात, कारण कोटा वाढतो.

किनेरेत सरोवराची पातळी इथं बातम्यांत सांगतात, तुमच्याकडं धरणांचे टक्के छापतात तशी. समुद्रसपाटीखाली २१३ मीटर ही खालची लाल रेषा, तिच्याखाली गेलं की धोका. २००९ च्या आसपास सलग कोरडी वर्षं आली तेव्हा टीव्हीवर जाहिरात लागायची, बोलता बोलता नटीच्या चेहऱ्याला भेगळलेल्या शेतासारखे तडे जायचे. लहान मुलं ती बघून दात घासताना नळ बंद करायची. आमच्या घरी तर बंद नळ पुन्हा तपासायची.

शेताकडं गेलं की जांभळे पाइप दिसतात. जांभळा म्हणजे शुद्ध केलेलं सांडपाणी, पिऊ नका. तेल अवीवच्या भागातलं सांडपाणी शाफदानला स्वच्छ करून वाळूत मुरवतात आणि तेच वर खेचून आमच्या नेगेव वाळवंटातल्या शेतांना देतात. देशातलं साधारण पंच्याऐंशी-नव्वद टक्के सांडपाणी असं शेतीला जातं. यंत्रांपेक्षा मला हे जास्त मोठं वाटतं. समुद्राचं पाणी गोड करायचे मोठे कारखाने २००५ पासून आले. आधी अश्कलोन, मग पालमाखिम, हदेरा, सोरेक, अश्दोद. आता घरच्या नळाला येणारं बरंचसं पाणी तिथलं. १९६४ साली किनेरेतपासून दक्षिणेकडं पाणी आणणारा राष्ट्रीय कालवा झाला, त्याच्यावरचा भार यामुळं कमी झाला.

आता माहेरचं सांगते. आमच्या रायगडात दोन हजार मिमीच्या वर पाऊस. मी लहान असताना पागोळ्यांखाली हंडे लावायचो, अंगणात उभं राहवत नसे. आणि मे महिन्यात वरच्या वाड्यांवर टँकर. डोंगरावरचं पाणी दोन तासांत खाडीला जातं. बीरशेबाला दोनशे मिमी पडतो आणि माझ्या नळाला पाणी नाही असा दिवस मला आठवत नाही. त्या पाहुण्यांना म्हणावं, बीडकडं बोट दाखवण्याआधी एकदा मे महिन्यात कोकणात या. मिलिमीटर म्हणजे पाणी नव्हे.

प्रवरेकाठचा

मी अकोले तालुक्यातला, भंडारदऱ्याच्या लाभक्षेत्रातला. वरच्या अंगाचा शेतकरी म्हणून एक गोष्ट जोडावीशी वाटते, कारण ती टाळून इस्रायलचं कौतुक पुरं होत नाही.

जॉर्डन नदीचे उगम तीन. दान इस्रायलात, हसबानी लेबनॉनमधून येते आणि बनियास गोलनमधून, जे १९६७ च्या युद्धात सीरियाकडून घेतलं. काकांनी सांगितलेल्या चुनखडीच्या खडकाचा मोठा भाग वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागाखाली आहे. तिथं पडणारा पाऊस जमिनीखालून पश्चिमेला इस्रायलकडं वाहतो. १९९५ साली इस्रायल आणि पॅलेस्टिनींमध्ये झालेल्या ओस्लो करारात या पाण्याची वाटणी ठरली, पण पॅलेस्टिनी गावाला नवीन विहीर घ्यायची तर संयुक्त समितीची, म्हणजे इस्रायलचीही, संमती लागते. उन्हाळ्यात तिथल्या घरांच्या गच्चीवर काळ्या टाक्या भरून ठेवतात, कारण पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसते. एका बाजूला चोवीस तास नळ, दुसऱ्या बाजूला टाक्या, आणि खालचा खडक एकच. हे मला अन्यायाचं वाटतं आणि तसंच म्हणायला हवं.

शिवाय जॉर्डन नदीचं पाणी इस्रायल, सीरिया आणि जॉर्डन या तीन देशांनी वरच अडवल्यामुळं खालची नदी ओढ्यासारखी झालीय आणि ती ज्याला मिळते तो मृत समुद्र वर्षाला एक मीटरपेक्षा जास्त खाली जातोय.

आपल्याकडं हा प्रश्न नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा असा आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा नियम २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्यातल्या समन्यायी वाटपातून आला. पाणी सोडलं की आमच्याकडं मोर्चे निघतात, मीही गेलोय. तरीही हा नियम असायलाच हवा असं माझं मत आहे. नदी वरच्यांच्या बापाची नाही.

शिवारफेरी

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, पागोळ्यांखालच्या हंड्यांचं सभेत नक्की सांगणार.

दोन शंका उरल्या. आमच्याकडं काही जण म्हणतात, समुद्राचं पाणी गोड करून पाइपनं मराठवाड्यात आणा, सगळा प्रश्न मिटेल. २०१८ साली सरकारनं इस्रायलच्या मेकोरोत कंपनीशी मराठवाड्याच्या ग्रिडसाठी करार केला होता, अकरा मोठी धरणं पाइपनं जोडायची अशी ती योजना, तेव्हापासून ही आशा बसलीय. दुसरं म्हणजे, ऊस ठिबकवर घेतला तर चालेल का? आमच्या शिवारात हा विषय काढला की भाऊबंदकीपर्यंत जातं.

कातळखोद

प्रवरेकाठच्या भाऊंचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. वरच्या अंगाच्या माणसानं ते लिहिलं याचं मोल मोठं.

समुद्राच्या पाण्याचा हिशेब तुम्हीच फळ्यावर मांडा. इस्रायलात ते घनमीटरला अर्ध्या डॉलरच्या आसपास पडतं, चाळीस रुपये धरा. मोकाट पाण्यावर उसाला एकरी आठ हजार घनमीटर लागतं. झाले तीन लाख वीस हजार रुपये. चाळीस टन ऊस निघाला आणि टनाला तीन हजार मिळाले तर हाती एक लाख वीस हजार. यात सह्याद्री चढवण्याचा खर्च धरलेलाच नाही. बीड समुद्रापासून पाचशे मीटर उंचावर आहे, तेवढं एक घनमीटर पाणी चढवायला दीड-दोन युनिट वीज लागते, आणि गोड करायला तीन-साडेतीन युनिट वेगळी. ते जेरुसलेमला आठशे मीटर चढवतात, पण पिण्यासाठी. पिण्याच्या पाण्याला कुठलीही किंमत परवडते, उसाला परवडत नाही. ग्रिडचंही तसंच. पाइप पाणी हलवतो, नवं पाणी तयार करत नाही. अकराही धरणं एकाच वर्षी कोरडी पडली तर पाइपातून काय येणार?

आता गावचा ताळेबंद. समजा शिवार हजार हेक्टर आणि पाऊस ७०० मिमी. शिवारावर पडलेलं पाणी सत्तर लाख घनमीटर. ऐकायला प्रचंड वाटतं. पण बेसॉल्टमध्ये मुरण्याचं प्रमाण भूजल अंदाजाच्या निकषांनुसार सात ते तेरा टक्के. म्हणजे विहिरी-बोअरच्या वाट्याला पाच ते नऊ लाख घनमीटर. गावची लोकसंख्या दोन हजार असेल तर माणशी ५५ लिटरनं वर्षाचं पिण्या-वापरण्याचं पाणी चाळीस हजार घनमीटर होतं. दोन हेक्टर उसाला तेवढंच लागतं. दोन हेक्टर! आणि पंचवीस ते पंचेचाळीस हेक्टर ऊस उभा राहिला की शिवारात मुरलेलं सगळं पाणी संपलं. गहू, हरभरा, जनावरं, माणसं यांच्यासाठी उरलं शून्य. तुमच्याकडं उसाखाली किती हेक्टर आहे ते तलाठ्याच्या पीकपेऱ्यात मिळेल, तो आकडा या शेजारी लिहा.

ठिबकनं तीस-चाळीस टक्के पाणी वाचतं, मी त्याच्या बाजूचाच आहे. पण मी गावोगाव बघितलंय, वाचलेल्या पाण्यावर दुसऱ्याच वर्षी आणखी दोन एकर ऊस लागतो आणि विहीर होती तिथंच जाते. गावानं क्षेत्राची मर्यादा ठरवली तरच ठिबकचा उपयोग. हिवरे बाजारनं नेमकं तेच केलं. शेतीसाठी बोअर बंद, ऊस बंद, आणि दरवर्षी पाऊस मोजून रब्बीची पिकं ठरवायची. तिथं पाऊस तुमच्यापेक्षा कमी पडतो. उदाहरण द्यायचंच तर इस्रायलचं कशाला, नगर जिल्ह्यातलं द्या, लोकांना जाऊन बघताही येतं.

काळ्या रानात रब्बी ज्वारी नुसत्या ओलीवर येते, तिला एक थेंब उपसा लागत नाही. भाऊबंदकीची धास्ती असेल तर सुरुवात तिथून करा. ज्वारी-करडईला भाव मिळावा ही मागणी सभेच्या ठरावात घाला, कारण भाव नसेल तर उसाला नाही म्हणा असं मी कुणाला सांगू शकत नाही.

तुमच्या महसूल मंडळाचा रोजचा पाऊस कृषी खात्याच्या महारेन संकेतस्थळावर मिळतो. विहिरींसाठी गावाच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाच्या पाच-सहा विहिरी निवडा. दोरीला दगड बांधून काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर मोजा. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे, या चार वेळा मोजलं की पुरे, भूजल खातंही याच महिन्यांत मोजतं. सकाळी मोटार सुरू व्हायच्या आधी मोजा, नाहीतर पातळी खोटी येईल. हे काम आठवीच्या पोरांकडं द्या, ती तंतोतंत करतात. ऑक्टोबरची मापं इथं टाका, विहिरीचा व्यास आणि खोली सोबत लिहा, म्हणजे रब्बीला किती पाणी आहे ते आपण मिळून काढू.